दूध रस्त्यावर ओतणं आणि कलम १५



आधी रानातली नोंद उरकतो. उन्हाळ कांद्याची लागण काल संपली. पहिल्या लागणीला दुसरं पाणी चालू आहे. गव्हावर मावा दिसतोय, पण ढालकिडेही भरपूर आहेत, त्यामुळे आठ दिवस पंप खांद्यावर घेणार नाही. लाल कांदा निम्मा काढायचा राहिलाय. भाव बघता मजुरी लावावी की नांगर घालावा, हा विचार रोज सकाळी करतो आणि रोज संध्याकाळी पुढं ढकलतो. लाईट ह्या आठवड्यात रात्रीची.

शेतीचं आज एवढंच. पुढचं सगळं वहिनींनी विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल आहे. ज्यांना "शेतीच्या पेजवर राजकारण कशाला" असं वाटतं त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, कारण ह्यात आपलंच दूध आणि आपलाच कांदा आहे.

संक्रांतीला पुतण्या पुण्याहून आला. कॉलेजातल्या पोरांनी कांद्याच्या भावासाठी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढलाय, नाव ठेवलंय 'चक्का जाम'. हायवेवर बसायचा बेत चाललाय. वहिनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, ह्याला जरा सांगा हो. परवा टीव्हीवर दाखवत होते, चक्का जाम केला म्हणून पोरं पाच-पाच वर्षं आत आहेत. असं असतं का?"

मी हसलो. म्हटलं, "वहिनी, मी पण केलाय की रस्ता रोको. घरी आलो ना रात्रीपर्यंत?"

मग चार दिवस रात्री मोटरीवर बसून वाचलं. कायदा वाचला, निकालांच्या बातम्या वाचल्या. वहिनींचा प्रश्न हसण्यावारी न्यायला नको होता.

आधी माझं सांगतो. १ जून २०१७. पुणतांब्यातून संपाची हाक आली आणि अख्ख्या महाराष्ट्रात दूध-भाजीपाला शहरात जायचा थांबला. आम्ही गावातल्या तीस-पस्तीस जणांनी तिठ्यावर टँकर अडवला. वॉल्व्ह उघडला. दूध रस्त्यावर वाहिलं. आमच्या गोठ्यातलंही त्यात होतं. आईनं ते बघून तोंडाला पदर लावला होता, तो मला अजून आठवतो. पोलीस आले, उचललं. जमावबंदी मोडली, बेकायदेशीर जमाव जमवला, रस्ता अडवला, अशी नेहमीची कलमं लागली. संध्याकाळी जामीन झाला, रात्री घरी येऊन धार काढली. मग पुढं तारखा. कोर्टात जायचं, फळ्यावर नंबर बघायचा, दुपारी "पुढची तारीख" ऐकून यायचं. त्रास झाला, दिवस बुडाले. पण मी कायदा मोडला होता, मला त्याची शिक्षा होऊ शकत होती आणि मी तोवर घरी होतो. हे बरोबर होतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

आता तेच कृत्य दुसऱ्या कायद्यात घालून बघू.

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए. १९६७ चा. मूळचा संघटनांवर बंदी घालण्यासाठीचा. २००४ मध्ये पोटा रद्द केला आणि त्यातली दहशतवादाची कलमं ह्याच्यात आणून बसवली. त्यातलं कलम १५ दहशतवादी कृत्य म्हणजे काय ते सांगतं. बॉम्ब, डायनामाइट, बंदुका, विषारी वायू, हे सगळं आहेच. त्याच्यापुढं शब्द येतात, 'किंवा इतर कोणत्याही स्वरूपाच्या कोणत्याही साधनाने'. आणि त्या साधनानं काय घडलं पाहिजे? मृत्यू, इजा, मालमत्तेचं नुकसान, हे आहे. आणि त्याच यादीत आहे समाजाच्या जीवनाला आवश्यक असलेल्या पुरवठ्यात किंवा सेवांमध्ये व्यत्यय.

दूध आवश्यक आहे का? आहे. पुरवठ्यात व्यत्यय आला का? आला, त्याचसाठी तर केलं होतं.

तुम्ही म्हणाल, हेतू लागतो. बरोबर, कलमात हेतू आहे. देशाची एकता, अखंडता, सुरक्षितता, सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा किंवा लोकांत दहशत बसवण्याचा हेतू, किंवा तसं होण्याची शक्यता. नुसती 'शक्यता'ही पुरते, हे लक्षात ठेवा. आणि २०१२ च्या दुरुस्तीत ह्या यादीत 'आर्थिक सुरक्षितता' हा शब्द घातला. त्या आर्थिक सुरक्षिततेच्या व्याख्येत काय काय येतं? अन्नसुरक्षा येते, उपजीविकेची सुरक्षा येते, उत्पादन आणि वितरणाच्या साधनांची सुरक्षा येते. माझी उपजीविका बुडाली म्हणून मी रस्त्यावर बसलो, तर दुसऱ्याच्या अन्नसुरक्षेला धोका आणला म्हणून मी दहशतवादी ठरू शकतो. शब्द तेवढे सैल आहेत. उद्या लावतीलच असं मी म्हणत नाही. लावायचं ठरवलं तर अडवणारं काही त्या कलमात नाही, एवढंच म्हणतो. तिठ्यावरचा मी आणि आत बसलेला एखादा पोरगा, ह्यांच्यात फरक पडतो तो कागदावर कोणतं कलम लिहायचं हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या पेनानं.

हा माझा कल्पनेचा खेळ आहे असं वाटत असेल तर ऑगस्ट २०२३ मधला न्यूजक्लिकवरचा गुन्हा बघा. दिल्ली पोलिसांनी एफआयआरमध्ये जे लिहिलं त्याचा मतलब असा की, परदेशी पैशाच्या जोरावर शेतकरी आंदोलन लांबवून देशात आवश्यक पुरवठा आणि सेवा विस्कळीत करण्याचा कट केला. सिंघू-टिकरीला थंडीत ट्रॉलीखाली झोपलेल्या माणसांचं आंदोलन, जे ऐकून सरकारनं स्वतः तिन्ही कायदे मागं घेतले, तेच आंदोलन दोन वर्षांनी दहशतवादविरोधी कायद्याच्या गुन्ह्यात कटाचा भाग म्हणून आलं. संपादक प्रबीर पुरकायस्थ सात महिने आत होते. १५ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांची अटकच बेकायदेशीर ठरवली, कारण अटकेची कारणं लेखी दिलीच नव्हती. सात महिने गेले ते गेले.

आता ज्या बातमीनं वहिनी घाबरल्या ती. ५ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या दिल्ली दंगलीच्या कटाच्या खटल्यात पाच जणांना जामीन दिला, उमर खालिद आणि शर्जील इमाम ह्यांना नाकारला. एक सप्टेंबर २०२० पासून आत, दुसरा त्या वर्षीच्या जानेवारीपासून. आरोप अजून निश्चित झालेले नाहीत, म्हणजे खटला खऱ्या अर्थानं उभाच राहिलेला नाही. न्यायालयानं हेही सांगितलं की कलम १५ फक्त बॉम्ब-बंदुकीपुरतं नाही, आवश्यक पुरवठा विस्कळीत करणंही त्यात येऊ शकतं. पोलिसांच्या म्हणण्याचा मोठा भाग व्हॉट्सॲप ग्रुप, बैठका, भाषणं आणि चक्का जामची आखणी ह्यांवर उभा आहे.

त्या दंगलीत ५३ माणसं मेली. हे मी हलकं करत नाही. ज्यानं मारलं, ज्यानं दुकान जाळलं, ज्यानं तसं करायला लावलं, त्याच्यावर खुनाचा, जाळपोळीचा, कटाचा खटला चालवा आणि शिक्षा द्या. त्यासाठी साधा फौजदारी कायदा आहे आणि त्यात फाशीपर्यंत शिक्षा आहे. शर्जीलचं आसामचा रस्ता तोडण्याचं भाषण मला तरी अजिबात पटलेलं नाही. पण न पटणं वेगळं आणि खटला न चालवता सहा वर्षं कोंडणं वेगळं. दोषी असतील तर सिद्ध करा ना. सिद्ध करायला सहा वर्षं पुरली नाहीत का?

ह्या कायद्याची खरी मेख कलम ४३ड मध्ये आहे. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये घाईनं घातलेलं. साध्या गुन्ह्यात आरोपपत्राला ६० किंवा ९० दिवस, इथं १८० पर्यंत. आणि जामिनाबद्दल म्हटलंय की पोलिसांचे कागद पाहून आरोप वरवर खरा वाटला तर न्यायालयानं जामीन द्यायचाच नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयानं भर घातली की जामिनाच्या वेळी पुराव्याची खोलात छाननीही करायची नाही.

आपल्या भाषेत सांगतो. पीक वाया गेलं, पंचनामा कंपनीच्याच माणसानं केला, त्यानं लिहिलं 'नुकसान नाही', आणि तुम्हाला सांगितलं की हा पंचनामा खरा धरूनच बोला, रान दाखवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, ते पाच-सात वर्षांनी बघू. विम्याच्या बाबतीत असं झालं तर आपण तहसील डोक्यावर घेतो. इथं माणसाची वर्षं आहेत.

दिल्ली उच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये ह्याच खटल्यातल्या तीन विद्यार्थ्यांना जामीन देताना स्पष्ट म्हटलं होतं की निषेधाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य ह्यांच्यातली रेषा पुसट होत चालल्यासारखी दिसते. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, जामीन राहू द्या, पण हा निकाल दुसऱ्या कुणी दाखला म्हणून वापरायचा नाही. तीन पोरं घरी आली, त्यांच्यासाठी उघडलेलं दार बाकीच्यांसाठी तिथंच बंद झालं.

पण मला सगळ्यात जास्त आतून हलवलं ते आसामच्या अखिल गोगोईनं. कारण तो आपल्यातला. कृषक मुक्ती संग्राम समितीचा नेता, जमिनीच्या, धरणांच्या, भ्रष्टाचाराच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडणारा. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनात जोरहाटला धरला, यूएपीए लावला. हा माणूस तुरुंगात बसून मे २०२१ मध्ये शिवसागरमधून अपक्ष आमदार म्हणून निवडून आला. १ जुलै २०२१ ला एनआयएच्या विशेष न्यायालयानं आरोपमुक्त केलं. नाकेबंदीची भाषा केली पण हिंसेला चिथावणी दिसत नाही, तर ते दहशतवादी कृत्य कसं, असा त्या आदेशाचा सूर होता. दीड वर्षाच्या वर आत राहिल्यावर हे कळलं. संपलं का? नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला चालू ठेवून जामीन दिला. आरोपमुक्त झालेला माणूस पुन्हा आरोपी. विधानसभेत बोलायचं आणि कोर्टात तारखेला जायचं.

आमच्याकडं निपाणीचं आंदोलन अजून सांगतात. १९८१, तंबाखूचा भाव, शरद जोशी. पुणे-बंगळूर रस्त्यावर शेतकरी तीन आठवड्यांहून जास्त बसले होते. महामार्ग तो, काय-काय अडलं असेल! ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा जण गेले. सरकार तेव्हाही दयाळू नव्हतंच. पण जोशींना कुणी दहशतवादी म्हणून पाच वर्षं कोंडलं नाही. पुढं ते राज्यसभेत बसले. आज कलम १५ समोर ठेवून निपाणीचा एफआयआर लिहायला घेतला, तर शब्दन् शब्द सापडेल.

"कर नाही त्याला डर कशाला" असं चहाच्या टपरीवर अण्णा म्हणाले. अण्णा, तुमचं वय झालं म्हणून उलट बोललो नाही, इथं बोलतो. स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे होते तेव्हा भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये धरले. कंपवातानं हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईत कोठडीतच गेले, जामिनाची वाट बघत. त्यांचा 'कर' होता की नव्हता हे आता कुठलंही न्यायालय सांगू शकणार नाही. त्या खटल्यात सोळा जण धरले. बरेच जण जामिनावर सुटले, कुणी तीन वर्षांनी, कुणी पाच, कुणी सहा वर्षांहून जास्त काळानं.

आणि प्राध्यापक साईबाबा. नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवर. गडचिरोलीच्या न्यायालयानं २०१७ मध्ये जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं सोडलं, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयानं खास बसून तो निकाल थांबवला. ५ मार्च २०२४ ला खंडपीठानं पुन्हा निर्दोष सोडलं. ऑक्टोबरमध्ये ते वारले. त्यांच्याबरोबरच्या आरोपींतला गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण तर निर्दोष असल्याचा निकाल ऐकायला जिवंतच नव्हता, तो २०२२ मध्येच कैदेत असताना गेला. त्याच्या घरच्यांना कुणी काय म्हणालं असेल? माफ करा, चूक झाली?

सरकारनंच संसदेत दिलेले आकडे आहेत. २०१८ ते २०२० ह्या तीन वर्षांत यूएपीएखाली अटक ४,६९०, दोषी ठरले १४९. दोषी ठरलेले त्याच वर्षी पकडलेले असतात असं नाही, त्यामुळे सरळ भागाकार करू नका. तरीही अंदाज येतो. शंभर पोती माल मार्केटला न्यायचा आणि तीन पोत्यांचीच पट्टी हातात यायची, तसं. बाकीची पोती कुठं? आत, तारखेची वाट बघत.

टाडाचंही हेच झालं होतं. १९८५ ला पंजाबसाठी आणला, आणि जिथं दहशतवाद नव्हता त्या गुजरातेत हजारो लोक त्यात अडकले. १९९५ ला तो मुदत संपून गेला. मग २००२ चा पोटा, तो २००४ ला गेला. प्रत्येक वेळी गैरवापर झाला हे मान्य करून कायदा मोडला, आणि त्याचं बी पुढच्या कायद्यात पेरलं. लव्हाळ्यासारखं. वरून खुरपलं तरी गाठ जमिनीत राहते.

कुठल्या एका पक्षाला शिव्या घालण्यासाठी हे लिहीत नाही. २००४, २००८, २०१२ च्या दुरुस्त्या काँग्रेसच्या सरकारनं केल्या. २०१९ मध्ये भाजपनं एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करायची सोय केली. केरळात डाव्यांचं सरकार असताना पोलिसांनी २०१९ मध्ये कोझिकोडला दोन विद्यार्थ्यांवर पत्रकं-पुस्तकं सापडली म्हणून हाच कायदा लावला. विरोधात असताना सगळे ह्याच्या विरुद्ध बोलतात. सत्तेत आल्यावर मात्र हे हत्यार कुणालाच टाकवत नाही.

"मग कसाबला काय साधा कायदा लावायचा?" हाही प्रश्न येणार. कसाबवर रीतसर खटला चालला, वकील दिला, पुरावे मांडले, मे २०१० मध्ये, म्हणजे दीड वर्षात, विशेष न्यायालयानं फाशी सुनावली. बंदूक घेऊन माणसं मारणाऱ्याचा खटला दीड वर्षात होतो आणि सभा घेणाऱ्याचा सहा वर्षांत उभा राहत नाही, ह्याचं उत्तर आधी द्या. खऱ्या दहशतवाद्यासाठी कडक कायदा हवा, माझी ना नाही. पण तणनाशक मारताना आपण नोझलला हूड लावतो, वारा बघतो. मागच्या वर्षी बांधापलीकडच्यानं वाऱ्यात फवारलं आणि माझे दोन वाफे कांदा जळाला. तो म्हणाला, "मी तर तणावरच मारत होतो." खरंच तणावरच मारत होता. माझा कांदा तरी जळालाच ना. त्या कायद्यातलं 'इतर कोणतंही साधन' हे हूड काढलेलं नोझल आहे. ते शब्द काढा. जामिनाच्या कलमातली ती पाचर काढा. ठरलेल्या मुदतीत खटला चालत नसेल तर माणूस घरी पाठवा. आणि निर्दोष सुटला तर गेलेल्या वर्षांची भरपाई द्या. गारपिटीची देता ना, तोकडी का होईना.

आपल्याच विधिमंडळानं जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेही वाचा. त्यात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं आहे. 'वीजबिल भरू नका, कर्ज भरू नका' ही आपल्या शेतकरी चळवळीची जुनी हाक ह्यात कुठं बसते, ते वकिलाला विचारून ठेवा. मी विचारलं. तो म्हणाला, "लावणाऱ्याच्या मनावर आहे."

परवा पुतण्या पुण्याला परत गेला. वहिनींना मी काही लपवलं नाही, वाचलं ते सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तुम्ही तेव्हा दूध ओतलंत, ते चूक होतं का?" म्हटलं, "नाही." "मग त्याला कसं थांबवू?"

त्याला फोन केला. म्हटलं, ग्रुपचं नाव बदलू नकोस, लपवायला लागलास की तेच पुरावा म्हणून दाखवतील. पण प्रांत कार्यालयात लेखी अर्ज दे, पोच घे, अँब्युलन्सला वाट ठेवा, एकाही गाडीची काच फुटता कामा नये, आणि वकिलाचा नंबर हातावर पेनानं लिहून ठेव, मोबाइल काढून घेतात. तो म्हणाला, "काका, तुम्ही येणार का?"

तारीख ठरली की इथं टाकतो. बाराची लाईट आली, मोटर चालू करून आलोय, तिसऱ्या वाफ्याला बारं धरायचं आहे.